गच्चीवरचा हौद, गोल्डफिश आणि टेंपरेचरची वही : दिवाळी ते मिरग

तर भाऊ लोक, दिवाळीपासूनची वही आज पूर्ण वाचून काढली. रोज सकाळी सहाला आणि दुपारी चारला पाण्याचं टेंपरेचर लिहायचं ठरवलं होतं आणि सात महिने ते पाळलं, घरातल्या लग्नामुळे चार-पाच दिवस सुटले तेवढेच. हौद सिमेंटचा, साधारण ५०० लिटरचा, जळगावला आमच्या गच्चीवर, त्यात सहा गोल्डफिश. खाली हॉलमध्ये एका टँकमध्ये ब्रॉन्झ कोरीडोरास, म्हणजे तळाला फिरणारे छोटे मिशीवाले मासे.

आधी थर्मामीटरचं सांगतो. काचेवर चिकटवायची पट्टी मिळते ना, तिच्यावर भरवसा ठेवू नका, ती पाण्यापेक्षा खोलीचंच जास्त दाखवते. मी प्रोबवाला डिजिटल घेतला, बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात प्रोब बुडवून पाहिला, शून्य यायला पाहिजे तर १.२ आलं. तेव्हापासून प्रत्येक आकड्यातून १.२ वजा करूनच लिहितोय.

मागच्या वर्षी हेच गोल्डफिश घरात होते, हिवाळाभर हीटर २४ वर लावलेला, खाणंपिणं मस्त, मादीचं पोटही भरलेलं, पण एक अंडं नाही. मला कळेचना, २४ म्हणजे अंडी द्यायला चांगलंच टेंपरेचर आहे. यंदा गच्चीवर ठेवले. डिसेंबरच्या शेवटी सकाळचं पाणी १४-१५ पर्यंत उतरलं, मासे तळाला गपचूप बसून राहायचे, खाणं मी जवळजवळ बंदच केलं. संक्रांतीनंतर पाणी हळूहळू चढायला लागलं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी १८ आणि दुपारी २२, आणि नरांच्या कल्ल्यांवर पांढरे बारीक दाणे (विणीची तयारी झाल्याची खूण) दिसायला लागले. पाच दिवसांनी उजाडता उजाडता हौदात नुसती धांदल, तीन नर एका मादीच्या मागे, पाणी पार कठड्याबाहेर उडत होतं. मी वाकून बसलेलो आणि आई खालून ओरडतेय, "पानीमा काय देखी ऱ्हायना रे?" नायलॉनच्या सुतळीचे झुपके सोडले होते, त्यावर अंडीच अंडी चिकटलेली!

म्हणजे नुसता आकडा नाही, आधी गारवा आणि मग चढ, हे दोन्ही लागतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं, त्यामुळे पाणी बदललं की ते थेट मेंदूपर्यंत पोचतं, सोबत दिवस मोठा होत जातो, मग मेंदूखालची पियुषिका ग्रंथी हार्मोन सोडते आणि अंडी पिकून बाहेर पडतात. कायम २४ ठेवलं तर माशाला ऋतू बदलला हे कळणार कसं?

पहिली खेप २०-२२ मध्ये होती, पिल्लं पाचव्या दिवशी फुटली. दुसरी मार्चच्या मध्यात, पाणी २५-२६, तिसऱ्याच दिवशी पिल्लं टबाच्या कडेला चिकटलेली (झुपके मी काढून वेगळ्या टबात ठेवतो, नाहीतर आईबापच अंडी खातात). तिसरी खेप अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, टबातलं पाणी दुपारी ३१, आणि त्यातच लाईट गेली, एअर पंप तीन तास बंद. निम्म्याहून जास्त अंडी पांढरी पडून बुरशी धरली, जी फुटली त्यातली बरीच पिल्लं वाकडी. फार वाईट वाटलं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, आणि गरम पाण्यात अंड्याची वाढ जोरात म्हणून त्याला ऑक्सिजन मात्र जास्त लागतो. त्यात हवा बंद. पुढच्या उन्हाळ्यात मार्चनंतरची अंडी मी गच्चीवर ठेवणारच नाही आणि बॅटरीवाला पंप आधी घेणार.

मामाचं गाव तापीकाठी, तो म्हणतो पूर आल्याशिवाय मासा अंडी देत नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, पाणी २८-३० असलं तरी साध्या तळ्यात ते अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नवं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) माशांकडून अंडी घेतली ती एवढी मोठी गोष्ट, १० जुलैला मत्स्यशेतकरी दिवस त्याचाच. आणि रोहूची अंडी २७-२८ मध्ये १५-१८ तासांत फुटतात, गोल्डफिशवाल्यांना हे ऐकून खोटं वाटेल.

कोरीडोरासचं सगळं उलटं, त्यांना उतार पाहिजे. मे महिनाभर कूलर लावूनही टँक २९-३० वर, मासे सुस्त, म्हणून पाणी जास्त बदललं नाही, फक्त हवा वाढवली आणि गांडुळं बारीक कापून खाऊ घातली. परवा मिरगाचा पहिला पाऊस झाला, हवा गार झाली, त्याच रात्री निम्मं पाणी काढून माठातलं गार पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं सोडलं, टँक २५ वर आला. क्लोरीन नको म्हणून ते पाणी दोन दिवस आधीच भरून ठेवलं होतं. सकाळी समोरच्या काचेवर अंडी, मोजली तर त्रेसष्ट! ती हलक्या बोटाने सोडवून छोट्या डब्यात घेतली, बुरशी धरू नये म्हणून मिथिलीन ब्लू या औषधाचे दोन थेंब आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. आज दुसरा दिवस, पाणी २६, सात पांढरी झालेली काढून टाकली, बाकीच्यांत भिंग लावलं की काळा ठिपका दिसतोय.