बाबांचा रियाज

"तू ती टिकटिक बंद केलीस की माझी बोटं वाट चुकतात गं," बाबा आज कीबोर्डवर बसल्या बसल्या म्हणाले आणि ते दिवसभर डोक्यातून जाईना.

खरंच तसं होतं. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं यंत्र, चालू असला की सरगम सरळ, बंद केला की करंगळी हवेतच अडकते. बाबांना पार्किन्सन आहे; त्यात मेंदूत डोपामीन नावाचं रसायन कमी पडतं, हालचालीचा आतला ताल बिघडतो, मग बाहेरून ठेका मिळाला की जरा सोपं जातं म्हणे. आणि मांडीवर नुसता ठेवलेला हात थरथरतो, तोच सूर दाबताना बराच शांत!

याने आजार बरा होत नाही, गोळ्या वेळेवर लागतातच. पण फिजिओचे व्यायाम टाळणारा माणूस स्वतःहून रियाजाला बसतो, मला तर त्याचंच जास्त कौतुक.

तुमच्याकडे कोणी असं वाद्य शिकतंय का? कुठलं?