ताई जरा थांबली

तसं काहीच झालं नाही. लिहायला बसावं असं तर नाहीच. जिच्या गाण्याला मी कीबोर्डची साथ करते त्या ताईचा फोन होता. कार्यक्रमाची तारीख ठरली, तालमीचा दिवस ठरला, आणि बोलता बोलता तिने विचारलं, "कीबोर्ड खंयचो हाडटली गो तूं?" मी म्हटलं, "म्हजोच. एस७७०." आणि ती थांबली. गॅस बारीक करायला वळावं एवढाच वेळ. मग "बरें, बरें, सांगतां मागीर" म्हणून फोन ठेवला.

काय सांगणार नंतर? सगळं तर ठरलं होतं.

खरंच गॅस बारीक करायलाच वळली असेल. किंवा दारात कोणी आलं असेल. पण दोन दिवस मी तेच धरून बसले आहे. पूर्वी "तू येतेस ना" एवढंच विचारायची. कीबोर्ड कुठला हे तिने कधी विचारलं नव्हतं. म्हणजे कोणीतरी तिच्या कानावर घातलंय. कोणी, हेही मला साधारण माहीत आहे, पण जाऊ दे.

रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल घेऊन बसले. बाहेर पाऊस कौलांवर नुसता ओतत होता, आवाज मोठा करावा तर घर जागं होईल, म्हणून कानात घालून एकेक मॉडेल ऐकलं. माझा एस७७० यामाहाचा, २०१५ चा. त्याच्यानंतर २०१८ ला एस७७५ आला, २०१९ ला एसएक्स७०० आणि एसएक्स९००, आणि २०२४ ला एसएक्स७२० आणि ९२०. म्हणजे मी घरात बसून तीन पिढ्या मागे पडले. वाद्य होतं तिथेच आहे, तसंच वाजतंय, आणि तरी मागे पडलं. बिघडलं असतं तर बरं झालं असतं. एखादी पट्टी अडली असती, स्क्रीन गेला असता, तर "आता घ्यावाच लागेल" असं चारचौघांत म्हणता आलं असतं. तर तेही नाही. पावसाळाभर चादरीखाली ठेवते, बटण दाबलं की उठतो. एवढं धडधाकट वाद्य बदलायचं कारण काय सांगायचं? ताई थांबली म्हणून?

ह्यांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "घे की. एवढा कसला विचार करतेस?" मला वाटलं होतं नको म्हणतील. नको म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. पैसे आहेत, म्हणजे ते जे बाजूला ठेवलेत ते. त्याबद्दल आज नाही लिहीत.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाकडे एसएक्स९०० आहे. त्याच्या वडिलांनी दहावी झाल्यावर घेऊन दिला. काल त्याला म्हटलं, घेऊन ये, आज त्याच्यावर शिकवते. मुलगा भाबडा, त्याला वाटलं त्याच्यासाठीच. सात इंची टचस्क्रीन, बोटाने सरकवायचा. रजिस्ट्रेशनची, म्हणजे आवाज-तालाची जुळणी साठवायची, बटणं दहा, माझ्याकडे आठ. गाण्याची जुळणी शोधून देणारा म्युझिक फाइंडर काढून प्लेलिस्ट दिली आहे. कॉर्ड लूपर आहे, म्हणजे डाव्या हाताचे कॉर्ड एकदा भरून ठेवले की तो हात मोकळा. ब्लूटूथ आहे. स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज, लावल्या आणि खरं सांगते, पोटात कालवलं. सुंदर वाजतात. माझ्यातल्या त्याच्यापुढे कोरड्या वाटल्या, आणि कालपर्यंत त्या मला कधी कोरड्या वाटल्या नव्हत्या, याचाच राग आला.

मग भावगीतातली एक मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सरकत जाणं, घ्यायला गेले, तर डावा अंगठा स्वर वाकवायचं चाक शोधत राहिला. एसएक्सला चाकं नाहीत, जॉयस्टिक आहे. चाकावर अंगठा टेकवून मी रिषभावरून गंधारावर किती हळू जायचं ते जोखते. कुठे किंचित धरायचं आणि कुठे सोडायचं, ते त्या अंगठ्याला कळतं, मला विचारलं तर सांगता यायचं नाही. जॉयस्टिकने स्वर एकदम तिकडे जाऊन पडला. मुलगा म्हणाला, "टीचर, सवय जाता." होईल. त्याला सोळाव्या वर्षी झाली, मलाही होईल. पण ते "होईल" म्हणताना मला बाबा आठवले आणि मी पुढचं गाणं काढलं.

बाबांच्या पेटीला कोणी साल विचारल्याचं मला आठवत नाही. उलट जितकी जुनी तितका मान. रीड जर्मन आहेत का एवढं विचारायचे, आणि "हो" म्हटलं की समोरचा माणूस जरा सावरून बसायचा. त्याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं होतं, तिच्यात मींड निघत नाही म्हणून. आणि मी, जिच्या वाद्यात मींड निघते, ती मॉडेलच्या नंबरावरून रात्रभर जागी. काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, दाबली की काळी पाचच वाजते हो. ती २०१५ ला जिथे होती तिथेच आहे.

पण नाही, हे खरं नाही. स्ट्रिंग्ज खरोखरच चांगल्या आहेत. मी स्वतःला उगाच समजावते आहे. आणि ते समजावणंसुद्धा वाद्यासाठी नाही. ताईने मला विचारलं असतं, "अजून तितकंच वाजवतेस ना गो?" आणि मग थांबली असती, तर? तेच विचारलं असेल का तिने, फक्त कीबोर्डचं नाव घेऊन?

हे लिहिलं आणि उठून चहा केला.

एक गोष्ट मात्र काल त्या मुलासमोरच लक्षात आली आणि हसू आलं. एसएक्स९०० मध्ये ५२५ स्टाइल्स आहेत, म्हणजे ताल आणि साथीचे तयार नमुने. त्यातल्या बऱ्याच वाजवून बघितल्या, बोसा नोव्हा झालं, बॉलरूम झालं, ड्रमर इतका नेमका की पाय आपोआप हलतो. आणि शेवटी मी काय वाजवत बसले होते? ताल बंद करून नाट्यपद, पियानो आणि मागे थोड्या स्ट्रिंग्ज. गेली कित्येक वर्षं स्टेजवर मी तेच करते आहे. तबल्याला काका असतात. ताईने तान घेतली की सम कुठे येईल ते तिचं तिलाच माहीत. काका तिच्याकडे बघत थांबतात, मशीन कसली थांबते? म्हणून स्टाइलचं बटण मी दाबतच नाही. अरेंजर, म्हणजे आपोआप साथ करणारा कीबोर्ड, घ्यायचा आणि त्याच्यातला अरेंजर झोपवून ठेवायचा. चतुर्थीत आरतीला तेवढी एक स्टाइल लावते, मीच बसवलेली, घुमटाच्या, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्याच्या, जागी कोंगा आणि त्याच्या जोडीच्या शामेळ ढोलाच्या जागी काय सापडलं ते. तीही घरी कोणी घुमट घेऊन आलं की बंद. २०१९ ला गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण ५२५ मध्ये कोणाला घुमट आठवलं नाही. नव्यावरही मला कोंगाच लावावा लागणार. माझी फाइल पेन ड्राइव्हवरून त्यात चढते, चढवून बघितली. वाजली. ड्रम किट निराळं, त्यामुळे कोंगा जरा शहरी वाटला.

आज दुपारी ताईचा मेसेज आला. बघायच्या आधीच छातीत धडधड, जणू कोणी नोकरीवरून काढणार आहे. मेसेज असा: अर्धी गाणी ती ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीवर, म्हणणार आहे. भाच्याने मोबाईलमध्ये घालून दिलेत. तर मिक्सरला मोबाईल लावायची वायर माझ्याकडे असेल तर आण, आणि "त्या वेळार तूं मातशी बसून रावशी मगो?"

बसून राहीन ना. न राहून काय करू?

मी दोन रात्री यामाहाच्या तीन पिढ्या तपासत होते, आणि माझी जागा घेतली भाच्याच्या मोबाईलने. त्याला कोणी विचारलं नसेल कितव्या सालचा म्हणून. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग काकांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हाकाय बसून रावंक सांगलां." आणि खो खो हसत सुटले. ट्रॅकमध्ये तबला आहेच ना. म्हणजे आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून ताईचं गाणं ऐकणार, आणि मानधन तेवढंच. काका म्हणाले, तेवढ्यात भजी येतात का ते बघू.

एसएक्स९२० सध्या घेत नाही. कधीच घेणार नाही असं नव्हे. त्या स्ट्रिंग्ज कानातून जात नाहीत. म्हार्दोळला जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा झाली, चतुर्थी झाली, की पणजीला जाऊन एकदा हात फिरवून येईन, मुख्य म्हणजे त्या जॉयस्टिकवर.

आता उरलेल्या गाण्यांचं बघायला हवं. त्यातलं नाट्यपद ताई अजून काळी पाचमध्येच म्हणते, आणि वरचा षड्ज आता तिला लागत नाही. गेल्या वेळी मी ट्रान्सपोज उणे एक केलं, म्हणजे सगळं अर्धा स्वर खाली घेतलं, आणि बोटं तीच ठेवली. ती छान गायली आणि "आज आवाज बरो लागलो" म्हणाली. या वेळीही तेच करणार. फक्त काकांना आज रात्रीच कळवलं पाहिजे, नाहीतर ते तबला काळी पाचचा मिळवून आणतील आणि स्टेजवर सगळ्यांदेखत हातोडी घेऊन बसतील.