मुंगीचे जबडे टिपताना

मुंगीच्या समोर आडवं पडून फोटो काढायचा हट्ट आधी सोडा. जबड्यांची टोकं पुढे, डोळे मागे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 2:1 ला (म्हणजे सेन्सरवर मुंगी खऱ्या आकाराच्या दुप्पट), लेन्सचं छिद्र एफ/8 वर असताना फोकसची खोली जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. दोन्ही एकदम धारदार येणारच नाहीत. कॅमेरा समोरून साधारण 45 अंश वर घ्या, म्हणजे तिचं तोंड सेन्सरला समांतर होतं आणि जबड्यावरचे दाते मोजता येतात. एफ/16 करून भागत नाही. 2:1 ला छिद्र प्रत्यक्षात एफ/48 सारखं वागतं आणि दाते विरघळल्यासारखे दिसतात.

सरावाला ओंबील, म्हणजे झाडावरची लाल मुंगी, उत्तम. मुंबईच्या आरेत किंवा सोसायटीतल्या आंब्यावर पानं शिवून केलेलं घरटं शोधा. चार-पाच सेंटिमीटरवर काडी धरली की ती पुढचे पाय उचलते, जबडे फाकवते आणि क्षणभर तशीच थांबते. तोच क्षण. पोटाचं टोक वर वळलं तर मागे व्हा: फॉर्मिक आम्लाचा फवारा डोळ्यात झोंबतो, लेन्सवरही डाग पडतात. मुंगी फ्रिजमध्ये गार करून फोटो काढणारे आहेत. मिटलेले जबडे आणि दुमडलेल्या मिशा लगेच चुगली करतात.

मॅन्युअल मोड, शटर 1/200, आयएसओ 200, फ्लॅश 1/16 ताकदीवर. फोकसची रिंग हलवू नका. कोपर खोडाला टेकवून शरीरच पुढेमागे करा. वीसातले दोन जमले तरी खूप. काळ्या मुंगळ्याच्या डोक्यावर उघड्या फ्लॅशचा पांढरा ठिपका पडतो, म्हणून पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचे दोन थर लावा, मुंगीच्या जितके जवळ नेता येतील तितके. जबड्याची आतली कड अंधारात राहते. खालून पांढऱ्या कार्डाचा तुकडा धरला की उजळते.

पावसाळ्यात एसीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते. बॅग अर्धा तास बंदच ठेवा. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, नाहीतर मुंबईच्या दमटपणात बुरशी ठरलेली.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओडोन्टोमाकस बाउरी या मुंगीचे जबडे मिटण्याचा वेग 2006 साली मोजला गेला: सेकंदाला 35 ते 64 मीटर. फ्लॅशची चमक 1/10,000 सेकंदाची धरली तरी तेवढ्यात जबडे जवळजवळ मिटूनही जातील. अशा मुंगीचे जबडे 180 अंशांत उघडून ताणलेले असतानाच टिपायचे. आपल्याकडच्या उड्या मारणाऱ्या हार्पेग्नॅथोस मुंगीचे जबडे इतके लांब की 2:1 चा मोह आवरून 1:1 वरच थांबावं.