तुम्ही विचारलेत म्हणून: माझी नाडी इतकी मंद का?

माझी नाडी मोजणारा प्रत्येक जण "हृदय कमकुवत तर नाही ना?" असे विचारतो आणि "मी पळतो" एवढ्या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही. हिशेब खरे तर सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त लागते. एका ठोक्याला 70 मिलिलिटर बाहेर पडत असेल तर सत्तरेक ठोके लागतात, 110 पडत असेल तर 45 पुरतात. नियमित पळण्याने आधी रक्तातला द्रवभाग वाढतो, पुढे डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याची, पोकळी मोठी होते आणि भिंतही थोडी जाड होते. कमाल ठोके मात्र सरावाने वाढत नाहीत.

हे सारे मला तोंडपाठ होते, तरी एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याचा काही उपयोग झाला नाही. मॉनिटरचा अलार्म 50 वर लावलेला होता. डोळा लागला की ठोके त्याखाली जात आणि अलार्म वाजे. आवाजाने मी दचकून जागा होई, तशी नाडी वाढे आणि सिस्टर धावत येईपर्यंत पडद्यावर सारे आलबेल दिसे. त्या गेल्या की पुन्हा तेच. सकाळी शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. इको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या डॉक्टरांनी "पोकळी जरा मोठी आहे" असे म्हटल्यावर मी तावातावाने सांगितले की 1899 मध्येच हेन्शेन या स्वीडिश डॉक्टरांनी स्की-शर्यतपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून मोठी हृदये ओळखली होती. इको करणाऱ्या डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "आजारी हृदयही मोठे होते, ते कसे ओळखणार?"

पूर्वी मी ठामपणे सांगत असे की हा सारा व्हेगस या ठोके मंदावणाऱ्या मज्जातंतूचा प्रभाव आहे. आता हृदयाची लय ठरवणारी पेशींची गाठच सरावाने बदलते, असे मानणारे संशोधकही आहेत, आणि अनेक वर्षे कठोर सराव करणाऱ्यांत कर्णिकांची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) लय बिघडण्याचे प्रमाण अधिक आढळते, हेही मला नाकारता येत नाही. तरीही जिने चढताना माझे ठोके हवे तसे वाढतात, चक्कर येत नाही. मग मला रुग्ण का ठरवायचे?

डॉक्टरांचे म्हणणे असे की तीन महिने पळणे थांबवावे. पोकळी आकसली तर ती सरावाची होती असे मानता येईल. सल्ला रास्त आहे. मी अजून होकार दिलेला नाही.