ज्युरीच्या खोलीत ऐकलेला फोन

अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर वर्षभरातच ज्युरी ड्युटीचं, म्हणजे सामान्य नागरिकांनी कोर्टात बसून खटल्याचा कौल देण्याच्या कामाचं, समन्स आलं. कॅलिफोर्नियात त्याचे दिवसाला १५ डॉलर मिळतात, तेही दुसऱ्या दिवसापासून. बाबा फोनवर म्हणाले, "म्हणजे नानावटी खटल्यासारखं?" १९५९ साली मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नौदल अधिकारी नानावटींना बायकोच्या प्रियकराच्या खुनातून निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. इथे मात्र फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं.

आमच्यासमोरच्या खटल्यात एका नवऱ्यावर दोन आरोप होते. बायकोला मारहाण, आणि तिने मदत मागू नये म्हणून तिचा मोबाइल फोडणं. इथे तो वेगळा गुन्हा आहे. बायको साक्षीला आली आणि म्हणाली, फोन माझ्याच हातून पडला.

मग बायकोने ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, केलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. हातात छापील संभाषण दिलं होतं, पण जजनी आधीच बजावलं होतं: पुरावा म्हणजे कानांनी ऐकाल ते, कागद फक्त मदतीला. फोन घेणाऱ्या बाई सगळ्यात आधी पत्ता विचारतात, काय झालं ते नंतर. लाइन तुटली तरी पोलिसांना कुठे पाठवायचं ते कळायला हवं. ती घराचा नंबर दोनदा सांगते. मागे टीव्हीवर कार्टून चालू आहे. पुरुषाचा आवाज जवळ येतो, ती म्हणते, "नको, फोन नको." धप्प. लाइन बंद. त्या बाई परत फोन लावतात. पुन्हा लावतात.

माझे हात गार पडले होते. आमच्या चाळीत शेजारच्या वहिनींकडून असे आवाज यायचे, तेव्हा आई रेडिओ मोठा करायची. तेव्हा ११२ नव्हता, पण १०० होता. तो फिरवायला कोणी उठलं नाही. हे घरी जाऊन नवऱ्यालाही सांगता येईना, कारण निकाल लागेपर्यंत खटल्याबद्दल अवाक्षर काढायला बंदी.

चर्चेच्या वेळी आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा मागवलं. पहिल्यांदा मला नुसतं रडणं ऐकू आलं होतं. या वेळी क्रम कळला: "नको" आधी, धप्प नंतर. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "फोन हातातून निसटला असता, तर ती 'नको' कोणाला म्हणत होती?" मोबाइलच्या आरोपावर तासाभरात एकमत झालं.

मारहाणीवर दीड दिवस गेला. कॉलमध्ये तिने मार बसल्याचं म्हटलेलं नव्हतं, अंगावर वळ कोणी पाहिला नव्हता. त्याने मारलं असावं, असं मला आजही वाटतं. पण 'असावं'वर कोणाला दोषी म्हणता येत नाही. त्या आरोपातून तो सुटला, आणि त्यात माझंही मत आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

परवा आईला विचारलं, त्या वहिनी आता कुठे असतात गं? तिला त्यांचं नाव आठवलं. गाव आठवेना.