कार्यक्रम कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हसून टाळतो.

"काय मग, सतारीचा कार्यक्रम कधी?" गेली सात वर्षं ऐकतोय. भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर अमरधामहून परतताना. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तर शेजाऱ्यांनी पेढे मागितले मला! "आता तरी बसा स्टेजवर." अहो, मानांकन सतारमेकर गल्लीतल्या हातांच्या कामाला मिळालंय. माझ्या हाताला नाही.

तर, नाही. दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पावत्या, संध्याकाळी पाऊण तास बोटात सतारीची नखी. स्वतःसाठी वाजवतो.

हे वाक्य आता बोलून बोलून गुळगुळीत झालंय. पण त्या गणपतीच्या आधी मी ते कधीच म्हणत नव्हतो.

शिकायला लागल्याचं तिसरं वर्ष. विश्रामबागच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मीच नाव दिलं, आग्रह कुणाचा नव्हता. यमन राग, मसीतखानी गत, म्हणजे संथ लयीतली ठरलेली बंदिश. ही गत सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेवरून उचलायची. घरी मोबाइलच्या तबल्यावर शंभरदा उचलली होती. मांडवात तबल्यावर कॉलेजचा एक पोरगा. मी मोजतोय, दहा, अकरा, आणि पहिल्या रांगेत आमच्या शेठजींनी दाद दिल्यासारखी मान हलवली. अजून काही वाजलंच नव्हतं! हात पडला तेव्हा तेरावी होती. माझी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकीकडे, त्याची दुसरीकडे. पुढच्या आवर्तनात पोरानं डोळ्यांनी खुणावलं. पुन्हा चुकलो. तिसऱ्यांदा तो चक्क पुटपुटला, "काका, आता." सापडली एकदाची, तर दमट हवेनं जोडाच्या तारेची खुंटी सरकली. ती पिळत बसलो. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "आरतीची वेळ झालीय." आरतीला वीस मिनिटं होती. घड्याळ माझ्या समोरच होतं.

सतार गवसणीत घालताना वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "घरी तर किती छान वाजवता हो." सगळ्यात जास्त ते लागलं.

तेव्हापासून 'स्वतःसाठी'.

नाव देणारा तो मी आज भेटला तर म्हणेल, भ्यालास. असेन. पण भ्यालेला माणूस घोडीची जवारी गेली, तारेची गुंज बिघडली म्हणून मिरजेला धावतो का? बोटाचा घट्टा सोलला तरी बसतो का? बसतही असेल. आणि वाजवताना खिडकी मी अजून उघडीच ठेवतो, हेही सांगून टाकतो.

परवा गंधाराच्या पडद्यावर तार ओढून पंचमापर्यंत मींड नेत होतो. रोज अलीकडेच अडकते. परवा नेमकी लागली, खालच्या तरफांच्या तारा आपोआप झणझणल्या. बायको गॅलरीतून ओरडली, "कुकर बंद करा, चार शिट्ट्या झाल्या!"

बंद करून आलो. पुन्हा ओढली. लागली नाही.