लाल? तू?

ड्रेस दुपारी पिशवीत भरला, परत करायचा म्हणून. मग पुन्हा बाहेर काढून खुंटीला लावला. आता त्याच्यासमोर बसून लिहितेय.

ताई फक्त दोन शब्द बोलली, फोटो पाहून. "लाल? तू?" पुढे ती दुसरंच काहीबाही बोलत राहिली, मीही नीट बोलले. पण फोन ठेवल्यापासून तेवढंच डोक्यात आहे. 'लाल'पुढचं प्रश्नचिन्ह मला चालतं. 'तू'पुढचं नाही चालत.

घेताना घाई केली नव्हती गं मी. दुकानाच्या दिव्याखाली आवडलेला पहिला लाल दाराशी उजेडात नेला तर विटकरी निघाला. मग दोन लाल गळ्याशी धरून पाहिले. नारिंगी झाक असलेल्यात चेहरा पिवळट, दमलेला दिसला. निळसर झाकेच्या लालात डोळे एकदम उजळले. त्या क्षणी आरशात पाहून मला जे वाटलं ते... जाऊ दे.

तू म्हणजे कोण, हे ताईला मीच तर सांगत आलेय. राखाडी, करडा, गडद निळा. त्या वर्षानंतर तर फक्त तेच. मग तिला नवल वाटलं यात तिचा काय दोष? तरीही आधी 'छान आहे' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं! मला तेवढंच हवं होतं.

आणि मिडी ही लांबीच अवघड. 1970 साली मिनीच्या जागी मिडी आणायचा मोठा घाट घातला गेला, तेव्हा कितीतरी बायकांनी तो साफ नाकारला होता. गुडघा आणि घोटा यांच्या मधे कुठेतरी थांबायचं, आणि नेमकं पोटरीच्या सगळ्यांत जाड भागावर थांबलं की पाय तिथेच तुटल्यासारखा दिसतो. माझा तिथेच थांबतोय. दोन बोटं खाली हवा होता, पण आत दुमडलेलं जादा कापड, म्हणजे माया, तेवढी नाही. म्हणजे वरच घ्यायला हवा. घोट्याला पट्टा असलेल्या सॅंडलनी पाय आणखी आखूड वाटला. कातडीच्या रंगाचे, पुढून उघडे बूट घातले तेव्हा कुठे सरळ दिसला. काळा पट्टा कमरेला बांधून लगेच सोडला, ड्रेसचे दोन तुकडे झाल्यासारखं वाटलं. पांढरी स्लिप आतून दिसते, तीही कातडीच्या रंगाचीच लागेल. गळा मोकळा ठेवणार. कानात बारीकसं सोनेरी काहीतरी, बस.

कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं आहे, म्हणून अंगावर असं वाहतं. पण उरेब कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, त्यामुळे खालची कड दुमडून शिवण्याआधी दिवसभर टांगून ठेवावं लागतं. आणि एकदा खालून कापलं की परत करणं संपलं.

संध्याकाळी दिवा न लावता तशीच बसून होते. लाल हळूहळू काळा पडला, शेजारची निळी उशी मात्र दिसत राहिली. उजेड मंदावला की डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो. पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञानं हे 19व्या शतकातच टिपून ठेवलंय. मला माहीत होतं, तरी पोटात खड्डा पडला. उठून दिवा लावला. लाल होता तसाच होता.

मग घालून टाचण्या लावायला बसले. जमेना. खाली वाकलं की मागची कड वर चढते, सरळ उभं राहिलं की हात पोचत नाही. तीनदा लावल्या, तीनदा वाकड्या. आपल्या अंगावरच्या ड्रेसची कड आपली आपल्याला आखता येत नाही, दुसरं माणूस खाली बसावंच लागतं. आणि इतक्या बारकाईनं कोण आखतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

ताईला मेसेज केला: उद्या येशील का? टाचण्या लावायच्यात.

"बूट काढून ठेव, जे घालणार आहेस तेच. त्याशिवाय माप घेणार नाही."